हातांतला फोन आणि गाडींतला फोन

पाथर्डीच्या एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. त्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त रोज आपल्या गाडीनें नगरास जातात व सायंकाळीं परत येतात. घरून फोन जावा त्या वेळीं चिरंजीव नेमके करंजीच्या घाटांत असावयाचे. बोलणें अर्ध्यावर तुटावयाचें आणि पुढील अर्धा तास मातोश्रींचा जीव टांगणीस लागावयाचा, असा त्यांच्या घरचा नित्यक्रम झाला आहे. कोणीं त्यांस सांगितलें, फोन हातांत धरल्यामुळें रेंज जाते. गाडींत स्टँड बसवून त्यावर ठेवल्यास बोलणें तुटणार नाहीं. दुसऱ्यानें सांगितलें, स्टँडनें कांहीं होत नाहीं. रेंज वाढविणारें एक यंत्र मिळतें तेंच बसवावें. यांत खरें काय, तें सदरांत लिहावें, अशी त्यांची सूचना आहे. प्रश्न एका घरचा दिसला तरी हल्लीं तो घरोघरचा आहे. यास्तव उत्तर थोड्या विस्तारानें देतों.

आमच्या नैयायिकांनीं शब्द हा आकाशाचा गुण मानिला. फोनावरील बोलणें मात्र शब्दरूपानें आकाशांतून जात नाहीं. त्याचें प्रथम विजेच्या लहरींत रूपांतर होतें, ती लहर टॉवरापर्यंत जाते, आणि टॉवराकडून येणारी लहर फोनांत पुनः शब्द होते. अशा लहरी भिंतींच्या आडूनही पलीकडे जातात, हें आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास दूरची घंटा वाजवून लोकांस दाखविलें होतें. भिंतींतून जाणारी ही लहर धातूच्या पत्र्यापुढें मात्र हटते. आजच्या प्रश्नाचें मूळ येथेंच आहे, कारण मोटारगाडी म्हणजे चाकांवर बसविलेली पत्र्याची पेटीच होय.

मग गाडींत फोन चालतो तरी कसा? तो कांचांच्या कृपेनें चालतो. मोबाइलच्या लहरी निरनिराळ्या लांबीच्या असतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारें ३३ सेंटिमीटर लांब, १८०० ची सुमारें १७, तर २३०० ची सुमारें १३ सेंटिमीटर. मोटारीच्या खिडक्या व समोरची मोठी कांच या मापांहून पुष्कळ मोठ्या असल्यामुळें लहर तेथून आंत शिरते. पण शिरतांना ती पुष्कळशी खर्चीं पडते. मोबाइलचीं जागतिक मानकें ठरविणाऱ्या थ्री-जी-पी-पी या मंडळानें आपल्या हिशेबासाठीं गाडीच्या आंत होणारी ही तूट सरासरी ९ डेसिबेल धरली आहे. डेसिबेलचें गणित सोपें आहे: ३ ची तूट म्हणजे शक्ति निम्मी, १० ची तूट म्हणजे दशमांश, २० ची तूट म्हणजे शतांश. या हिशेबानें बाहेर जेवढी लहर आहे तिचा सुमारें अष्टमांशच गाडीच्या आंत येतो. कांचेवर धातूचा सूक्ष्म मुलामा असला तर ही तूट त्याच मंडळानें २० डेसिबेल, म्हणजे बाहेरच्याचा शंभरावा भागच आंत, अशीही धरली आहे. उन्हापासून बचाव व्हावा म्हणून धातुमिश्रित फीत कांचेस चिकटविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

अष्टमांश हा शब्द ऐकून वाचकांनीं घाबरूं नये. फोन हें यंत्र अल्पसंतुष्ट आहे. एका वॉटाचा दहा लाख कोटीवा भाग एवढी लहर मिळाली तरी तो संभाषण चालवितो. भर शहरांत टॉवर जवळ असल्यामुळें लहर मुबलक असते. तींतून आठपैकीं सात भाग गेले तरी उरतें तें पुरेसें असतें. म्हणून नगर शहरांत फोन हातांत, खिशांत वा स्टँडवर कोठेंही असला तरी फरक कळत नाहीं. फरक कळतो तो टॉवर दूर राहिल्यावर, जेथें मुळांतच चिमूटभर लहर असते. श्रीमंताचे आठ आणे हरवले तर त्यास पत्ता लागत नाहीं. गरिबाचे हरवले तर त्या दिवसाचा चहा जातो, तसाच हा प्रकार.

आतां हाताकडे वळूं. मनुष्याच्या शरीरांत पाण्याचा व क्षारांचा अंश मोठा असल्यामुळें तें या लहरी शोषून घेतें. फोनाची अँटेना ही पूर्वींप्रमाणें बाहेर काढावयाची काठी राहिलेली नाहीं. ती फोनाच्या कडांत दडलेली असते. आपण फोन मुठींत धरतों तेव्हां नेमकी तीच झांकली जाते, आणि तो कानाशीं नेला कीं डोक्याचाही अडसर होतो. मुठीनें व डोक्यानें मिळून लहर निम्मी होणें ही सामान्य गोष्ट आहे. पकड वाईट पडली तर त्याहूनही अधिक जाते. २०१० सालीं अ‍ॅपल कंपनीच्या चौथ्या आयफोनविषयीं हीच तक्रार जगभर गाजली होती. एका विशिष्ट कोपऱ्यावर हात पडला कीं रेंज घसरे, आणि अखेर कंपनीनें गिऱ्हाइकांस फोनाभोंवतीं घालावयाचीं वेष्टनें फुकट वाटलीं.

स्टँडवर ठेवलेल्या फोनास हें विघ्न नसतें. शिवाय तो समोरच्या कांचेजवळ, खिडकीच्या उंचीवर असतो. खालीं गिअरजवळच्या खोबणींत किंवा खिशांत असलेल्या फोनाहून त्यास लहर बरी मिळते. तेव्हां पाथर्डीच्या भगिनींस ज्यानें स्टँडची सूचना केली त्याचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु मर्यादा ओळखली पाहिजे. स्टँड हाताची तूट भरून काढतो; पत्र्याची तूट भरून काढीत नाहीं. स्टँडवरील फोनही त्याच पेटींत बसलेला असतो. शिवाय स्टँडवरून बोलावयाचें म्हणजे आवाज मोठा करून बोलावयाचें. त्यांत इंजिनाची घरघर व वाऱ्याचा आवाज मिसळतो, पलीकडच्यास शब्द कळत नाहींत, आणि दोष मात्र रेंजवर जातो. गाडीच्या स्पीकरास ब्लूटूथनें फोन जोडल्यास आवाज स्वच्छ होतो खरा. पण ब्लूटूथचा संबंध फोन व गाडी यांच्यापुरताच आहे, टॉवराशीं बोलणी करणारा तो एकटा फोनच. आणखी एक गोष्ट: नगरकडच्या वैशाखांत समोरच्या कांचेमागें उन्हांत ठेवलेला फोन इतका तापतो, कीं तो आपलें कामच मंद करतो.

पत्र्याची तूट भरून काढण्याचा खरा उपाय एकच, व तो जुना आहे: अँटेना पत्र्याच्या बाहेर नेणें. नगरच्या रणगाडा-संग्रहालयास ज्यांनीं भेट दिली आहे त्यांस हें सांगावयास नको. १९९४ पासून हें संग्रहालय तेथें आहे. चोहोंकडून जाड पोलादानें मढविलेल्या त्या रणगाड्यांत बसलेला शिपाई बिनतारी यंत्रावर बोलतो तो बाहेर उभ्या केलेल्या काठीच्या जोरावर. ती काठी आंत घेतली तर सर्व यंत्रें शाबूत असूनही तो मुका व बहिरा होईल.

मोटारींतील टेलिफोनाचा आरंभही असाच झाला. अमेरिकेंत सेंट लुइस शहरीं १७ जून १९४६ रोजीं मोटारींतून टेलिफोन करण्याची सोय प्रथम सुरू झाली. तें यंत्र सुमारें ८० पौंड वजनाचें होतें आणि अँटेना अर्थात् गाडीच्या बाहेर होती. हातांत धरावयाच्या फोनावरून पहिलें संभाषण मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावर केलें तें ३ एप्रिल १९७३ रोजीं. पुढें १९८३ पासून अमेरिकेंत दोन्ही प्रकार बाजारांत नांदूं लागले. गाडींत पक्का बसविलेला फोन ३ वॉट शक्तीनें लहर सोडूं शके, हातांतल्यास ०.६ वॉटाचीच मुभा असे. पांचपट शक्ति, शिवाय बाहेरची अँटेना व हाताचा अडथळा नाहीं. त्या काळीं कोणी विचारतें, कीं हातांतला फोन बरा कीं गाडींतला, तर रेंजच्या बाबतींत उत्तर निःसंशय "गाडींतला" असेंच होतें. भारतांत मात्र मोबाइलवरील पहिलें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं झालें. कलकत्त्याहून ज्योति बसु दिल्लीच्या सुखराम यांच्याशीं बोलले. तोंवर हातांतल्या फोनाचा जमाना आला होता, त्यामुळें गाडींतल्या त्या बळकट फोनाची ओळख आपल्या लोकांस फारशी झालीच नाहीं. आज ४जीचा सामान्य फोन ०.२ वॉटाहून अधिक शक्तीनें बोलत नाहीं. "गाडींतला फोन" म्हणून आपण ज्यास म्हणतों, तो हातांतलाच फोन असून केवळ त्याची बैठक बदललेली असते.

नव्या गाड्यांच्या छपरावर शार्क माशाच्या पराच्या आकाराचा एक उंचवटा असतो. तो पाहून पुष्कळांस वाटतें, कीं आपल्या फोनास त्याचा आधार मिळत असेल. तसें सहसा नसतें. तो गाडीच्या रेडिओसाठीं, उपग्रहावरून ठिकाण समजण्यासाठीं, आणि कांहीं गाड्यांत स्वतः गाडीच्याच सिमसाठीं असतो. राहिला प्रश्न बूस्टरचा. बाहेरची लहर घेऊन, फुगवून आंत सोडणारें हें यंत्र तत्त्वतः काम करतें. पण तें टॉवराकडे नको तो गोंगाटही फुगवून पाठवितें, आणि त्यामुळें आसपासच्या शेंकडों लोकांचीं बोलणीं बिघडतात. म्हणूनच परवान्यावांचून असें यंत्र बसविणें आपल्या देशांत गुन्हा आहे. दुकानांत मिळतें म्हणून घेऊं नये.

हें सर्व स्वतः पडताळून पाहण्यास वाचकांस प्रयोगशाळा नको. तर्कशास्त्रांत ज्यास अन्वयव्यतिरेक म्हणतात, तो मार्ग पुरे आहे: एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशींच ठेवावीं, आणि काय होतें तें पाहावें. फोनाच्या पडद्यावरील चार काड्यांवर मात्र विसंबूं नये; किती लहरीस किती काड्या, याचा नियम प्रत्येक कंपनीचा निराळा आहे. पुष्कळ फोनांत "सेटिंग" मध्यें सिमच्या माहितींत लहरीचा आंकडा मिळतो. तो ऋण असतो: उणे ७० उत्तम, उणे ११० अगदीं क्षीण. गांवाबाहेर रेंज थोडी असेल अशा मोकळ्या जागीं गाडी उभी करून हा आंकडा चार वेळां पाहावा: मुठींत कानाशीं, स्टँडवर, खिशांत, आणि अखेर गाडीबाहेर येऊन. प्रत्येक वेळीं मिनिटभर थांबून दोनतीनदां पाहावा, कारण तो क्षणोक्षणीं हालतो. आम्ही आमच्या पुतण्याच्या गाडींत हें करून पाहिलें. मूठ व स्टँड यांत फरक पडला, पण तो कधीं कमी कधीं अधिक. गाडीबाहेर पाऊल टाकतांच पडलेला फरक मात्र दर वेळीं ठळक दिसला.

पण करंजीच्या घाटांत जें बोलणें तुटतें त्याचें मुख्य कारण मूठही नव्हे आणि पत्राही नव्हे. तें कारण म्हणजे डोंगर. नगराहून पाथर्डीच्या वाटेवर टेकडीवर जो चांदबिबीचा महाल म्हणून प्रसिद्ध आहे (वस्तुतः ती सलाबतखानाची कबर), तो मोकळ्या माळावरून कोसांवरून दिसतो. गाडी डोंगराच्या कुशीस गेली कीं दिसेनासा होतो. टॉवराचेंही असेंच आहे. लहर दृष्टीहून थोडी अधिक वळते, आणि लांब लहर आखूड लहरीहून अधिक वळते, एवढाच फरक. घाटांत एका वळणावर एक टॉवर समोर येतो, दुसऱ्या वळणावर तो डोंगरामागें जातो, आणि फोन दुसरा शोधूं लागतो. त्या शोधाशोधींत बोलणें तुटतें. संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटांत अथवा अकोल्याकडील डोंगरांत हाच अनुभव. १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या व हरिश्चंद्रगडाच्या छायेंतील खोऱ्यांत तर लहर पोहोंचविणें हेंच मोठें काम आहे. देशांत ४जी न पोहोंचलेल्या २४,६८० गांवांसाठीं केंद्र सरकारनें जुलै २०२२ मध्यें योजना मंजूर केली, ती याच अडचणीपोटीं. डोंगराच्या आड असलेल्या फोनास स्टँड काय करणार? आडांतच नाहीं, तें पोहऱ्यांत येणार कोठून?

येथपर्यंत यंत्राचा विचार झाला. आतां जो भाग आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो सांगतों.

रेंज जाण्याची जागा आणि रस्ता अवघड होण्याची जागा या एकच आहेत. ज्या वळणानें लहर अडते, तेंच वळण समोरून येणारी उसाची ट्रॉलीही झांकून ठेवतें. आणि बोलणें तुटूं लागलें कीं मनुष्य स्वभावतः काय करतो? स्टँडवरील फोन उचलून कानाशीं नेतो, पडद्याकडे पाहतो, पुनः नंबर लावतो, "हॅलो, हॅलो" म्हणत आवाज चढवितो. ताशीं ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. तीन सेकंद पडद्याकडे पाहिलें तर ५० मीटर रस्ता न पाहतां काटला गेला.

कायद्यानेंही हातांतल्या फोनास स्वतंत्र अपराध मानिलें आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमांत, गाडी चालवितांना हातांत धरून फोन वापरणें हें धोकादायक चालविण्यांत मोडतें. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कैद, अथवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही सांगितलीं आहेत. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमांत मार्ग पाहण्यापुरती, तीही लक्ष विचलित होणार नाहीं अशा रीतीनें, मोकळीक आहे. यावरून पुष्कळांनीं असा अर्थ काढला, कीं फोन स्टँडवर ठेवला म्हणजे आपण निर्दोष झालों. कायद्याच्या दृष्टीनें कदाचित् असेल. अपघाताच्या दृष्टीनें तसें नाहीं. कॅनडांत टोरोंटो येथें मोबाइल बाळगणाऱ्या व अपघातांत सांपडलेल्या ६९९ चालकांच्या फोनांचे हिशेब तपासून १९९७ सालीं एक निबंध प्रसिद्ध झाला. फोनावर बोलत असतां अपघाताचा संभव सुमारें चौपट होतो, असें त्यांत आढळलें. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनानें तो कमी झाल्याचें दिसलें नाहीं. पुढें इतरही संशोधकांस असेंच आढळलें आहे.

याचें आश्चर्य वाटावयास नको. कठोपनिषदांतील रथाचें रूपक आमच्या वाचकांस परिचित आहे. त्यांत इंद्रियें हे घोडे, बुद्धि हा सारथी, आणि मन हा लगाम सांगितला आहे. स्टँडनें हात मोकळा होतो हें खरें, पण पलीकडच्याचें बोलणें ऐकण्यांत, त्याचा चेहरा मनापुढें आणण्यांत, त्यास उत्तर जुळविण्यांत लगामच दुसऱ्याच्या हातीं जातो. शेजारीं बसलेला माणूस अवघड वळण पाहून आपोआप गप्प होतो. घरून बोलणाऱ्यास तें वळण दिसत नाहीं. तो बोलतच राहतो.

म्हणून पाथर्डीच्या भगिनींस आमचें सांगणें असें. स्टँड अवश्य घ्यावा, पण मार्ग पाहण्यासाठीं. घाटांत बोलण्यासाठीं नव्हे. बूस्टर घेऊं नये. आणि मुख्य म्हणजे बोलणें तुटतें याचा उपाय गाडींत शोधण्यापेक्षां घरांत शोधावा, कारण चालकाचा फोन बहुधा घरूनच वाजतो. ज्यांच्यासाठीं आपला जीव खालींवर होतो, त्यांच्याच हातांत आपण धोका देतों, हा विचार करण्यासारखा आहे. चिरंजीवांनीं नगर सोडतांना एक निरोप पाठवावा. घाट उतरून तिसगांवीं गाडी बाजूस उभी करून दुसरा पाठवावा. मधल्या वेळांत घरून फोन करूं नये. करावाच लागला, तर पहिला प्रश्न "कोठें आहेस?" हा नसावा, "गाडी चालवितोस का?" हा असावा; आणि उत्तर होकारार्थी आलें तर पुढें एक अक्षर न बोलतां फोन ठेवावा. घाटांत फोन न लागणें हें अशुभाचें चिन्ह समजूं नये. मुलाचे दोन्ही हात चाकावर आहेत, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

खरेंच संकट आलें, तर मात्र रेंजविषयींचें वरील ज्ञान उपयोगीं पडतें. गाडी रस्त्याच्या कडेस सुरक्षित उभी करून बाहेर यावें. पत्र्याबाहेर येण्यानेंच लहर अनेक पटींनीं वाढते. डोंगराकडे पाठ करून, दरीच्या मोकळ्या बाजूस तोंड करून, पण कड्यापासून दूर उभें राहावें. फोन कडांनीं न दाबतां धरावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा क्रमांक लावून पाहावा. दुसऱ्या कोणत्याही कंपनीची लहर तेथें असेल तर तो लागूं शकतो. बोलणें होत नसेल तर दोन शब्दांचा लेखी संदेश पाठवावा. बोलण्यास न पुरणारी लहरही त्यास पुष्कळदां पुरते.

रेंज हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला. त्याचा मूळ अर्थ पल्ला. गाडी चालविणाऱ्यापर्यंत आपला पल्ला किती असावा, हें प्रत्येक घरानें एकदां बसून ठरवावें. पुढील अंकीं, घरांतील एका खोलींत फोन लागतो व दुसऱ्या खोलींत लागत नाहीं असें कां होतें, याविषयीं लिहूं.